टमाटरी रंगाची तीन पाती

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने बाण बनवावेत की नाही, याबद्दल हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याशेजारच्या आमच्या कॅम्प-१ वस्तीत दोन मतं नव्हती. एकच होतं: बनवू नयेत. रेल्वेच्या तिकीट खिडकीत दिवसभर बसणारा, पोट सुटलेला, जिना चढताना गुडघ्यांना विनवण्या करणारा गृहस्थ रविवारी सकाळी सासऱ्याच्या अंगणात भट्टी पेटवतो आणि ट्रकच्या जुन्या कमानीपासून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांपासून, बाणाची पाती ठोकतो, हे पाहून गल्लीतले लोक आधी घाबरले, मग हसले, आणि शेवटी विचारू लागले, "काय भाऊ, रामलीलेत पार्ट भेटला काय?"

"भेटला ना," मी म्हणायचो. "रावनाचा. दोन तोंडं कमी पडून राह्यले, येता काय?"

मला असं बोलायला आवडतं. तिकीट खिडकीच्या काचेआड इतकी वर्षं काढली की समोर कोणीही उभं राहिलं तरी मला तो प्रेक्षक वाटतो. म्हणून ही गोष्टही मी हसत सुरू केली. पण आधीच सांगून टाकतो: या छंदात एका माणसाचे डोळे गेले. ठिणगी उडून गेले असते तर मी नशिबाला शिव्या घालून मोकळा झालो असतो. ठिणगी उडाली नव्हती.

छंद लागला तो बस्तरच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा. आठवडी बाजारात एक म्हातारी विळे, खुरपी आणि कांदे एकाच फडक्यावर मांडून बसली होती, आणि विळ्यांच्या शेजारी बाणांची सात-आठ पाती. काळी, बोटाएवढी, मागे दांडी बसवायला नळी. मी एक घेतलं आणि ऐटीत पँटच्या खिशात टाकलं. परतीच्या बसमध्ये एका खड्ड्याला ते पातं खिसा, सीटचं रेक्झिन आणि माझी मांडी या क्रमाने तिघांतही शिरलं. बायको म्हणाली, "बरं झालं, आता तरी फेकसान." पण मला त्या पात्याचं कौतुकच वाटलं. एवढंसं लोखंड, आणि त्याला आपलं काम किती चोख ठाऊक! मलाही असं काहीतरी आपल्या हातांनी करता यावं, असं त्या बसमध्ये, एका बाजूला कलून बसलेलो असताना, मनात पक्कं झालं.

आता सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. आमच्या नागपूरकडे तसंच म्हणतात. मामाजींनी उभा जन्म पोलाद प्लांटच्या फोर्ज शॉपमध्ये, लोखंड तापवून ठोकायच्या विभागात, काढला. भंडाऱ्याकडून कोवळ्या वयात आले, घणकऱ्याच्या हाताखाली लागले आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: डोळा. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते उष्णता सांगायचे आणि मीटर मागाहून त्यांच्याशी सहमत व्हायचा. रंगांना त्यांनी आपली नावं दिली होती. जांभूळ, म्हणजे आत्ताच लाली आली. टमाटर, म्हणजे पाणी द्यायला तयार. पळस, म्हणजे फुलासारखा केशरी. तो ठोकायला ठीक, पण पाणी द्यायला घातक. आणि केळ, म्हणजे पिवळा, म्हणजे हात जोडा आणि नवा तुकडा घ्या.

पाणी देणं म्हणजे पातं लाल करून एकदम तेलात बुडवणं, ज्याने ते कडक होतं. टमाटरला बुडवलं तर पातं चिवट आणि कडक. पळसाला बुडवलं तर आतला कण जाड होतो आणि तेलातच बारीक "टिंग" असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, तडा गेला. असं पातं मोडून बघितलं तर आत जाड साखरेसारखे दाणे दिसतात. चांगलं पातं मोडलं तर मैद्यासारखं दिसतं. एवढं एक समजलं की पुढची गोष्ट समजायला काही शिकावं लागत नाही.

मामाजी एकटे राहायचे, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. आमची मामीजी, म्हणजे सासूबाई, जाऊन काही वर्षं झाली होती. मुलीकडे येऊन राहा म्हटलं तर म्हणायचे, "पोरीच्या घरी मुक्काम? मंग मानसं काय म्हनतीन?" त्यांचं अंगण मोठं होतं. मी जवळच्या जामुल गावातल्या एका लोहाराकडून जुनी ऐरण आणली. (रुळाचा तुकडा ऐरण म्हणून झकास चालतो हे मलाही माहीत आहे. पण रेल्वेची नोकरी आणि घरात रुळाचा तुकडा, हा योग माझ्या पत्रिकेत नको होता.) कमानीच्या पट्ट्या पावर हाउस बाजारातल्या भंगारवाल्याकडे मिळायच्या. भट्टी विटा-मातीची, वर तट्ट्याचा आडोसा, कारण उन्हात लोखंडाचा रंग फसवतो, आणि हाताने फिरवायचा ब्लोअर. मामाजी ब्लोअर फिरवायचे आणि रंग सांगायचे. मी सांडशीत पातं धरायचो आणि हातोडी घालायचो.

आणि इथे आमची खरी गंमत होती. सासऱ्याने जावयाची चूक जावयाच्या तोंडावर सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. मामाजी रीतीचे पक्के. प्लांटमध्ये त्यांनी इंजिनिअरांना सोडलं नाही, पण मी थंड लोखंडावर हातोडी आपटत असलो तरी ते मला काही म्हणायचे नाहीत. ते ऐरणीशी बोलायचे. "ऐरनबाई, थंडं लोखंड तुले मारून राह्यलं ना वं? दुखते का?" किंवा कोळशाशी. एकदा मी नळी वळवताना तिसऱ्यांदा चिरवली, तेव्हा ते खिशातून फोन काढून अंगणाच्या कोपऱ्यात गेले. माझ्यापासून पाच पावलं. त्यांनी माझ्या बायकोला, म्हणजे आपल्या मुलीला फोन लावला.

"बाई, जवाईबापूले सांगजो, नयीची कड अजून पातय करा लागते. मी नाई सांगत, तू सांगजो."

मग माझा फोन वाजला.

"बाबा म्हनून राह्यले, कड पातळ करा."

"मला ऐकू आलं."

"मंग आता करा ना! मले पोळ्या करू द्या!"

हे मी खिडकीवरच्या सहकाऱ्यांना अभिनयासकट सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. मामाजी मला "तुमी" म्हणायचे, माझ्यासाठी खुर्ची पुसायचे, चहाचा पहिला कप मला. आणि मीही त्यांना कधी चूक सांगितली नाही. ते मोठे, शिवाय त्यांची चूक होतच नसे.

तीन-चार वर्षं असे रविवार गेले. बाण म्हणजे नुसतं पातं नव्हे. दांडीला भरीव बारीक बांबू लागतो, तो शेकून सरळ करावा लागतो, आणि बांबू हा माणसासारखाच: सरळ केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर. पिसं तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत, डाव्या किंवा उजव्या; मिसळ केली की बाण हवेत गोंधळतो. मी कोंबड्याची पिसं वापरायचो. मटणवाल्याला वाटायचं मी जादूटोणा करतो. तयार बाण आम्ही अंगणाच्या टोकाला भुशाच्या पोत्यावर मारायचो. पोतं मरायचं नाही आणि आम्ही दमायचो, एवढीच आमची शिकार.

मग एका पावसाळ्यानंतर तीन रविवार पाठोपाठ पाती तडकली.

तिन्ही वेळा तेच झालं. मला पातं टमाटर दिसायचं. मामाजी ब्लोअर फिरवत म्हणायचे, "जांभूय हाय अजून. राहू द्या." मी राहू द्यायचो. माझ्या डोळ्यांदेखत टमाटराचा पळस व्हायचा. मग ते म्हणायचे, "झालं टमाटर. काढा." मी काढायचो, तेलात बुडवायचो, आणि टिंग.

"माल खराब हाय," मामाजी ऐरणीला म्हणाले. "भंगारवाल्यानं दुसरीच पट्टी देल्ली."

"हो ना," मी म्हणालो.

माल खराब नव्हता. त्याच पट्टीचा एक तुकडा मी त्यांच्या माघारी, ते चहा ठेवायला आत गेले असताना, माझ्या रंगावर बुडवला होता. तो काचेसारखा खणखणीत वाजला. त्या क्षणी मला कळलं की माणूस तोच आहे, डोळा तो राहिला नाही.

आणि हे मला कळलं तेव्हा मला हेही माहीत होतं, की मामाजींच्या थोरल्या भावाचे डोळे काचबिंदूने गेले होते. दुखलं नाही, खुपलं नाही, बाजूची नजर हळूहळू विझत गेली, आणि भाऊ काठी धरून दुसऱ्याच्या हाताने जेवायला लागला. भावाच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे घराण्यात असतं, धाकट्याने डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. माझी बायको त्यांच्या मागे लागून थकली होती. मामाजींचं उत्तर ठरलेलं होतं. ते खिशातून एक पातं काढायचे, तिच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे कोनाच्या रंगावर झालं? मायाच ना? मंग आंधया मानसानं केलं काय हे?"

म्हणजे बघा, आमची पाती हा त्यांच्या डोळ्यांचा दाखला होता. आणि दाखला आता खोटा पडत होता. मला एवढंच करायचं होतं: तडकलेली पाती बायकोपुढे ठेवायची. रीत मोडायचीही गरज नव्हती. मामाजींनीच तर तो रस्ता घालून दिला होता. फोन करायचा आणि म्हणायचं, बाबांना सांग.

मी काय केलं, ते सांगतो. पुढच्या रविवारी मामाजी "जांभूय हाय" म्हणाले तेव्हा मी पातं निखाऱ्यांच्या मधून हळूच कडेला सरकवलं. कडेला ते आणखी तापत नाही, टमाटरावर टिकून राहतं. मामाजी ब्लोअर फिरवत राहिले. थोड्या वेळाने, अंदाजाने म्हणा, सवयीने म्हणा, ते म्हणाले, "काढा." मी काढलं. बुडवलं. काही वाजलं नाही. कानस घसरून गेली, इतकं कडक पातं.

"पाह्यलं?" ते ऐरणीला म्हणाले. "मालच खराब होता."

म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. थोडं खरं होतं. पण जास्त खरं वेगळं होतं. ज्या माणसाच्या डोळ्यापुढे मी इतकी वर्षं शिकाऊ होतो, त्याच्यापेक्षा आता मला जास्त दिसत होतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. याची एक चोरटी मजा असते. मी दर रविवारी ती मजा घेत होतो. पातं कडेला सरकवताना ओठ दाबून हसू आवरत होतो. एखाद्या जादूगाराला रुमाल बदलताना जसं वाटत असेल, तसं. तडकलेली पाती मी डालडाच्या जुन्या डब्यात घालून आमच्या माळ्यावर टाकली होती.

हिवाळ्यात बायकोने एक दिवस हट्टच धरला. ओट्यावर बसून मामाजी पेपर वाचत होते, म्हणजे डोकं डावी-उजवीकडे फिरवत एकेक ओळ शोधत होते, आणि ती म्हणाली, "बाबा, उद्याच दवाखान्यात चला."

"कायले?"

"मोठ्या बाबाचं पाह्यलं ना? तसं होऊ द्याचं काय?"

मामाजी चिडले. मुलीवर चिडायला रीतीची आडकाठी नव्हती. "मले सारं दिसते! मी पाते करून राह्यलो! विचार जवाईबापूले!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी विनोदी बोललो. काय ते आठवत नाही, आणि हे मी सहसा म्हणत नाही, कारण माझे विनोद मला आठवतात.

बायको हुशार आहे. ती म्हणाली, "बरं. मायासमोर तीन पाते करा. तुमच्या रंगावर. एकई तडकलं तं उद्या दवाखाना. नाई तडकलं तं मी तोंड उघडनार नाई."

मामाजींचा चेहरा खुलला. "मंजूर!"

शेजारच्या दोन-तीन घरांतले लोकही कुंपणाशी जमले. मी भट्टी पेटवली. आणि हे मी आज शांतपणे लिहू शकतो, की त्या सकाळी मला काहीही करायचं नव्हतं. फक्त आज्ञाधारक जावई व्हायचं होतं. ते म्हणतील तेव्हा काढायचं, बुडवायचं. पातं आपणच टिंग म्हणालं असतं. कोणी कोणाला काही सांगायची गरज नव्हती. रीत अबाधित, मान अबाधित, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना.

पहिलं पातं निखाऱ्यात गेलं. जांभूळ झालं. टमाटर झालं. मामाजी म्हणाले, "जांभूय हाय."

कुंपणापाशी लोक होते. माझ्या सांडशीकडे बघत होते. आणि माझा हात कडेला सरकला. मी ठरवलं नव्हतं. लोकांपुढे खेळ पडू द्यायचा नाही, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. "काढा," मामाजी म्हणाले. तेल फसफसलं. गप्प. मी पातं ऐरणीवर टाकलं, ते घुंगरासारखं वाजलं.

दुसरं. तेच. तिसरं. तेच.

कुंपणापाशी टाळ्या पडल्या. मी सांडशी छातीशी धरून वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला. खरंच केला. मामाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. बायकोने तिन्ही पाती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "हारली बा मी." आणि तिला हरल्याचा आनंद झालेला मी बघितला. तिला वाटलं, बाबांचे डोळे चांगले आहेत.

शब्दाची पक्की. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही.

मग जे जे होत गेलं ते मी किस्से करून सांगितलं. मामाजींनी चहा कपाबाहेर ओतला: किस्सा. पावर हाउसला डाव्या बाजूने आलेली ऑटो त्यांना दिसली नाही, आणि तिने कोपराला घासल्यावर त्यांनी ऑटोवाल्याला पाऊण तास नागरिकशास्त्र शिकवलं: किस्सा. पोत्यावर मारलेला बाण शेजारच्या पपईत घुसला: उत्तम किस्सा, पपईवाल्या काकूंच्या आवाजासकट. घरात हसू व्हायचं. मामाजीही हसायचे.

उन्हाळा आला. एका रविवारी मी नुकतंच ठोकलेलं पातं ऐरणीच्या डाव्या कडेला ठेवलं. लाली गेली होती, पण आत धग होती. असं काळं लोखंड सगळ्यात वाईट. मामाजींनी हातोडी घ्यायला डावा हात टाकला आणि पूर्ण पंजा त्या पात्यावर ठेवला. लोखंडात आयुष्य घालवलेला माणूस. जिथे हातोडी नव्हती, तिथे हातोडी शोधत होता. ओरडले नाहीत. हात उचलून बघत राहिले, आणि तोही नीट डोळ्यांसमोर धरून, जणू हात कुठे आहे ते आधी शोधावं लागलं.

पट्टी करताना दवाखान्यातल्या डॉक्टरच्या लक्षात आलं की डावीकडचा ट्रे त्यांना दिसत नाही. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे एका यंत्रात हनुवटी ठेवून बसवतात. आत कुठे कुठे दिव्याचा ठिपका लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दार अर्धं उघडं होतं. बटणाचा आवाज येत होता, टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. आत बसलेली मुलगी सांगत होती, "बाबा, दिखे तो दबाना." मामाजी म्हणाले, "दबाऊँगा ना बेटा, लगाओ तो पहले."

यंत्रातून कागद आले. डाव्या डोळ्याचा जवळपास सगळा काळा. उजव्याचा काळा, मध्ये एक पांढरं भोक.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, नीट समजावून सांगणारी. काचबिंदू. वरून मोतीबिंदूही आहे, तो काढता येईल, पण मागची नस वाळली आहे. "जो चला गया, वो नहीं लौटेगा. जो बचा है, उसे बचाने की कोशिश करेंगे." बायकोने विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर कागद सरळ करत म्हणाली, "छह महीने पहले भी बहुत कुछ बच जाता."

बाहेर नारळपाण्याच्या गाडीजवळ आम्ही उभे राहिलो. मामाजी आत थेंब घालून डोळे मिटून बसले होते. बायको हिशोब करत होती, महिन्यांचा. मला तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"त्या दिवशी तीन पाते तुमी काढले," ती म्हणाली.

"हो."

"बाबाच्या रंगावर?"

मी नारळवाल्याच्या कोयत्याकडे बघितलं.

"मी विचारून राह्यली. बाबाच्या रंगावर, का तुमच्या?"

"माझ्या."

तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर नारळवाल्याने मधे पडून समजूत घातली असती, आणि मी त्याचाही किस्सा केला असता. ती एवढंच म्हणाली, "मी हारली नवती. तुमी मले हारवलं. कावून?"

या प्रश्नावर मी तिला खूप काही सांगितलं. मान, वय, रीत, त्यांचा आनंद. तासभर बोलू शकलो असतो. तिने मधेच पदराने तोंड पुसलं आणि आत निघून गेली.

घरी आल्यावर ती माळ्यावर चढली. मी तिला डब्याबद्दल सांगितलं होतं. आता काही लपवून ठेवायचं नव्हतं. डबा उघडून तिने तडकलेली पाती एकेक करून फरशीवर मांडली, तडे वरच्या बाजूला करून. मग म्हणाली, "बाबाले तुमी सांगसान. मी फोन नाई लावनार."

दुसऱ्या दिवशी मी मामाजींकडे गेलो. त्यांनी चाचपत माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी सगळं सांगितलं. पातं कडेला कसं सरकवलं, कधीपासून, त्या तीन पात्यांचं काय, डब्यात किती आहेत. पहिल्यांदाच आयुष्यात काहीतरी हावभाव न करता सांगितलं, आणि समोरच्याला हावभाव दिसणारच नव्हते, हे अर्ध्यात लक्षात आलं.

मी शिवीची वाट बघत होतो. मनापासून वाट बघत होतो. त्यांनी मला एक कानाखाली मारली असती तर मी ती मानाने घेतली असती.

मामाजींनी पुसायच्या फडक्याची एका हाताने घडी केली. पट्टी बांधलेला हात मांडीवर होता.

"जवाईबापूनं माया मान राखला," ते म्हणाले. मला नाही, कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं उजवीकडे, तोंड करून म्हणाले, "तुमचा काई दोष नाई. चहा घेसान?"

चहा त्यांनीच केला. मला उठू दिलं नाही. गॅसपाशी त्यांची बोटं लायटर शोधत होती आणि मी त्या पुसलेल्या खुर्चीत बसून होतो, कारण जावयाने सासऱ्याच्या स्वयंपाकघरात उठून जायचं नसतं. पहिला कप मला दिला. बशीत सांडला होता.

बायको आता दिवसातून तीन वेळा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला जाते. माझ्याशी बोलते, घर चालतं, भाजीत मीठ असतं. त्यांच्या डोळ्यांबद्दल मात्र ती मला काही सांगत नाही. उजव्यातलं भोक किती उरलं आहे ते मला तिच्या फाईलमधल्या कागदांवरून कळतं, ती आंघोळीला गेली की.

रविवारी मी भट्टी पेटवतो. बंद केली तर मामाजींना वाटेल त्यांच्यामुळे बंद झाली, असं मी म्हणतो. बायको म्हणते, तुम्हाला काय वाटेल ते तुम्ही बघा. मामाजी येऊन ब्लोअरपाशी बसतात आणि फिरवतात. हात अजून तोच आहे, एका लयीत. ऐरणीशी आता बोलत नाहीत.

परवा पातं निखाऱ्यात लाल झालं. मी म्हणालो, "मामाजी, टमाटर झालं."

"तुमी म्हनता तं असन," ते म्हणाले.

हल्ली ते सगळ्यालाच असं म्हणतात. ऊन आहे म्हटलं तरी. मी पातं सांडशीत धरून थांबलो. ते "काढा" म्हणतील म्हणून थांबलो. ब्लोअर फिरत होता. टमाटराचा पळस झाला, मी सरकवलं नाही. पळसाचा केळ झाला. टोकावरून बारीक पांढऱ्या ठिणग्या सुटायला लागल्या, लोखंड जळायला लागलं की सुटतात तशा, आणि त्यांचा तडतड आवाज मामाजींना नक्की ऐकू येत होता. त्यांनी मान थोडी वळवली. ब्लोअर थांबवला नाही. काही म्हणालेही नाहीत.